लाल बटण, हिरवं बटण आणि आपल्या टाकीचा पासवर्ड

गेल्या उन्हाळ्यात आपल्याकडे तीन दिवस नळाला पाणी आलं नव्हतं, आठवत असेल. धरणात पाणी होतं. पाइपलाइन कुठे फुटली नव्हती. आदल्या रात्री तासभर लाईट गेली होती, पण ती परतही आली होती. दुसऱ्या दिवशी मी जलशुद्धीकरण केंद्रावर गेलो तर पंप जागेवर, माणसं जागेवर, आणि पॅनलच्या कपाटात एका राखाडी डब्यावर लाल दिवा लुकलुकतोय. ऑपरेटर म्हणाला, "भाऊ, पीएलसी गेलाय. पुण्याहून माणूस येतोय."

मी विचारलं, हातानं नाही का चालू करता येत? त्यानं पॅनलवरचा हँड-ऑटोचा खटका 'हँड'वर फिरवला, हिरवं बटण दाबलं. ढिम्म. "हा खटका पण त्या डब्यालाच विचारतो, भाऊ. डबा बंद म्हणजे सगळं बंद."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ठेकेदाराचा एक पंचविशीतला पोरगा एसटीने आला. लॅपटॉपची वायर जोडली, पासवर्ड टाकला, आतला प्रोग्राम पुन्हा भरला. वीस मिनिटांत पंप सुरू. डब्याच्या आत एक छोटी बॅटरी असते, लाईट गेली तरी प्रोग्राम पुसू नये म्हणून. ती कधीच मेली होती, कुणी बदललीच नव्हती. काही शे रुपयांच्या बॅटरीपायी अख्ख्या गावानं तीन दिवस टँकरमागे हंडे घेऊन पळापळ केली.

बातमी तेव्हाच दिली होती. पण तो डबा काही डोक्यातून जाईना. हा प्रकार आला कुठून, आणि एवढी मोठी सत्ता त्याच्या हातात दिली कुणी, म्हणून वाचत गेलो. वाचल्यावर जास्तच चीड आली, कारण हे यंत्र ज्या कामासाठी जन्माला आलं त्याच्या बरोबर उलटं काम आपण त्याच्याकडून करून घेतोय.

सुरुवात विहिरीवरच्या मोटारीपासून करतो. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना हे लगेच कळेल.

स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं की मोटार सुरू होते. बोट काढलं तरी चालूच राहते. का? बटण तर सुटलंय. त्याचं कारण असं, की हिरवं बटण दाबल्यावर स्टार्टरमधल्या कॉइलला वीज मिळते, तिचं लोहचुंबक होतं आणि ते कॉन्टॅक्ट खाली ओढतं. मोटारीला वीज देणाऱ्या कॉन्टॅक्टसोबत एक बारीक कॉन्टॅक्टही जुळतो, आणि त्याच्यातून कॉइल स्वतःची वीज स्वतःच घेऊ लागते. याला वायरमन लोक होल्डिंग म्हणतात. लाल बटण हा रस्ता तोडतं, कॉइल सुटते, मोटार थांबते. लाईट गेली तरी कॉइल सुटते, म्हणून लाईट परत आली तरी मोटार आपोआप सुरू होत नाही. रात्री दोनला लाईट येणार आणि रानात कोण जाणार, म्हणून आपण वर 'ऑटो' बसवतो. झालं, हेच ऑटोमेशन. पीएलसीचा अर्धा धडा आपल्या शेतकऱ्याला पाठच आहे.

अशीच, पण लहान कॉइल आणि लहान कॉन्टॅक्ट असलेली वस्तू म्हणजे रिले. एका रिलेचा कॉन्टॅक्ट दुसऱ्याची कॉइल चालवतो, दुसऱ्याचा तिसऱ्याची. 'टाकी भरली असेल आणि व्हॉल्व्ह उघडा असेल, तरच पंप चालू' असली अट दोन कॉन्टॅक्ट एकापुढे एक जोडून लिहिता येते. 'हे किंवा ते' हवं असेल तर दोन कॉन्टॅक्ट एकाला एक समांतर. अशा वायरिंगचं चित्र काढताना दोन्ही बाजूंना विजेच्या दोन उभ्या रेषा, आणि मध्ये एकाखाली एक आडव्या ओळी. दिसायला थेट शिडी. म्हणून त्या चित्राला लॅडर म्हणतात. टेस्ट लॅम्प घेऊन हिंडणारा जगातला कुठलाही इलेक्ट्रिशियन हे चित्र वाचू शकत होता.

आता अमेरिकेत, १९६८ सालात चला. मिशिगन राज्यात इप्सिलँटी गावाजवळ विलो रन नावाचा अवाढव्य कारखाना होता. दुसऱ्या महायुद्धात फोर्डने तिथे बी-२४ जातीची बॉम्बर विमानं बनवली. १९५३ मध्ये जनरल मोटर्सचा लिव्होनियातला गिअरबॉक्सचा कारखाना आगीत खाक झाला, आणि त्यांनी आपलं हायड्रामॅटिक खातं या विलो रनमध्ये हलवलं. मोटारींचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तिथे बनत. त्या यंत्रांचा कारभार रिलेंवर चाले. माणसाच्या उंचीची लोखंडी कपाटं, आत शेकड्यांनी रिले आणि वायरींचं जंगल.

त्यांच्या त्रासाचं मूळ एका गोष्टीत होतं. अमेरिकेत मोटारीचं मॉडेल दरवर्षी बदलायचं. मॉडेल बदललं की यंत्रांची कामं बदलणार, कामं बदलली की वायरिंग बदलणार. कपाटातली एकेक वायर काढून नव्यानं जोडायची, नाहीतर आख्खं कपाट भंगारात घालायचं. शिवाय रिलेचे कॉन्टॅक्ट झिजतात, त्यावर काजळी धरते. शेकडोंपैकी एक कॉन्टॅक्ट नीट जुळत नाही म्हणून लाइन बंद पडते, आणि कुठला ते शोधता शोधता पाळी संपते.

कॉम्प्युटर तेव्हा होते. मग ते का नाही लावले? लावायचा विचार झाला, पण तो महाग, त्याला थंड हवेची खोली लागे, आणि मुख्य म्हणजे त्याची भाषा कारखान्यात कुणाला येत नव्हती. रात्रपाळीला यंत्र बंद पडलं तर प्रोग्रामर कुठून आणणार? (आपला पुण्याहून येणारा पोरगा इथे आठवावा.)

म्हणून १९६८ मध्ये हायड्रामॅटिकच्या अभियंत्यांनी, त्यात बिल स्टोन हे नाव पुढे होतं, आपल्याला काय हवं ते कागदावर उतरवलं. मागण्या साध्या होत्या. कॉम्प्युटरसारखी लवचीक वस्तू हवी, पण रिलेच्या भावात परवडली पाहिजे. धूळ, ओल, हादरे आणि शेजारच्या मोठ्या मोटारींचा विजेचा गोंगाट सोसून चालली पाहिजे. भाग सुटे काढून बदलता आले पाहिजेत. आणि प्रोग्राम करणं, दुरुस्त करणं हे रिलेच्या शिडीच्या चित्राप्रमाणेच असलं पाहिजे.

ही शेवटची मागणी मला सगळ्यांत मोठी वाटते. तिचा सरळ अर्थ असा, की आमचा इलेक्ट्रिशियन हे वाचू शकला पाहिजे. करोडोंचा धंदा करणारी कंपनी तिच्या पान्हे-पक्कड हातात घेतलेल्या माणसाला शिकायला पाठवत नव्हती. यंत्रानं त्याची भाषा शिकावी म्हणत होती.

योगायोग असा, की त्याच वर्षी १ जानेवारीला तिकडे मॅसॅच्युसेट्समध्ये बेडफर्ड असोसिएट्स नावाच्या छोट्या फर्ममधला डिक मॉर्ली हा माणूस अशाच एका यंत्राचं टिपण लिहून बसला होता. नववर्षाच्या पार्टीची उतरायची बाकी होती असं तो स्वतःच पुढे सांगायचा. मॉर्लीने एमआयटीतलं शिक्षण अर्धवट सोडलेलं. त्याचा वैताग वेगळा होता. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवा मिनी कॉम्प्युटर घ्यायचा, थोडाफार फरक करून तेच ते काम पुन्हा करायचं, याला तो कंटाळला होता. हायड्रामॅटिकला हवं होतं ते आणि मॉर्लीला सुचलं होतं ते एकमेकांना नेमकं लागू पडलं. बेडफर्डचा हा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प, म्हणून यंत्राचं नाव पडलं ०८४. ते विकायला जी कंपनी काढली तिचं नाव मॉडिकॉन, म्हणजे मॉड्युलर डिजिटल कंट्रोलर.

हे ०८४ यंत्र १९६९ मध्ये कामाला लागलं. बंद पेटी, पंखा नाही, बाहेरची हवा आत जायला वाट नाही. चालू-बंदचं बटणसुद्धा ठेवलं नव्हतं, कारण ते बंद करायचंच नव्हतं! त्याला कॉम्प्युटर म्हणायचं त्यांनी कटाक्षानं टाळलं, कारण त्या शब्दाला कारखान्यातली माणसं बिचकायची. त्यातलं एक पहिलंवहिलं ०८४ जवळजवळ वीस वर्षं अखंड चाललं आणि मग जनरल मोटर्सने ते मॉडिकॉनला परत भेट दिलं. ही वीस वर्षं वाचताना मला आमच्या केंद्रातली ती बॅटरी आठवत होती.

स्पर्धा होतीच. डिजिटल इक्विपमेंट ही तेव्हाची कॉम्प्युटरमधली मोठी कंपनी पीडीपी-१४ नावाचं यंत्र घेऊन उतरली. पण त्याचा प्रोग्राम गणिती समीकरणांच्या वळणाचा, आणि तो साठवायचा वायरी विणून केलेल्या स्मृतीत. पोलक्यावरची वीण जशी, तसं. एकदा विणलं की विणलं. बदल करायचा तर पुन्हा वीण आली. मॉर्लीच्या पेटीत शिडी काढायची आणि शिडी बदलायची. वायरिंगला हात न लावता. हायड्रामॅटिकच्या लोकांना काय पसंत पडलं असेल ते सांगायला नको.

आत चालतं काय, ते थोडक्यात. हा डबा एक काम न थकता करत राहतो. आधी सगळ्या आत येणाऱ्या वायरी बघतो: कुठलं बटण दाबलंय, कुठला फ्लोट वर आलाय. मग शिडी वरून खाली, ओळीमागून ओळ वाचतो. मग त्याप्रमाणे बाहेर जाणाऱ्या वायरींना हुकूम सोडतो: हा पंप चालू, तो व्हॉल्व्ह बंद. की पुन्हा पहिल्यापासून. या एका फेरीला स्कॅन म्हणतात, आणि आजच्या डब्याला ती करायला काही मिलिसेकंद पुरतात. मंदिरात प्रदक्षिणा घालणारा माणूस जसा प्रत्येक फेरीला चारी बाजू बघून येतो, तसंच. बस, एवढंच. त्यात जादू नाही आणि हल्ली ज्याला त्याला चिकटवतात ती 'एआय'ही नाही.

या धंद्यातल्या जुन्या लोकांचं शहाणपण दोन बारक्या गोष्टींत दिसतं, त्या सांगतोच. टाकीची पातळी मोजणारं यंत्र ० ते २० नव्हे, ४ ते २० मिलीअँपिअर करंट पाठवतं. टाकी पूर्ण रिकामी म्हणजे ४. मग ० कशाला राखून ठेवला? उंदरानं वायर कुरतडली तर करंट शून्य होतो, आणि डब्याला कळतं की टाकी रिकामी नाही, वायर तुटलीय. दुसरी गोष्ट लाल बटणाची. स्टॉपचं बटण नेहमी जुळलेल्या कॉन्टॅक्टचं असतं, दाबलं की तुटणारं. म्हणजे त्याची वायर निघाली तरी यंत्र थांबतं. बिघाड होणारच, हे गृहीत धरून तो सुरक्षित बाजूला व्हावा, असा विचार त्यात आहे. धोक्याच्या वेळी दाबायचं इमर्जन्सी बटण तर निव्वळ पीएलसीच्या भरवशावर सोडू नये, हा जुना दंडक. वायरमनच्या विहिरीवरच्या स्टार्टरमध्ये हे सगळं आधीपासून आहे.

पुढचा इतिहास भराभर सांगतो. मिलवॉकीची ॲलन-ब्रॅडली कंपनी मैदानात आली. तिथल्या ओडो स्ट्रुगर या ऑस्ट्रियात जन्मलेल्या अभियंत्याला पीएलसी या नावाचं श्रेय देतात. जर्मनीत सीमेन्स, जपानमध्ये मित्सुबिशी आणि ओमरॉन. १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक आलं आणि पीएलसीच्या पाच भाषा ठरल्या. तेव्हा कॉम्प्युटर शिकलेली नवी पिढी आली होती, शिडी आता अडगळीत जाणार असं वाटू शकलं असतं, पण त्या पाचांत शिडी आहेच, आणि आजही आयटीआयच्या पोरांना आधी शिडीच शिकवतात. आपल्याकडे साखर कारखाने, दूधसंघ, एमआयडीसीतली बाटल्या भरायची दुकानं, सगळीकडे हे डबे आहेत. नगरपालिकांच्या पाणी योजनांत ते टेंडरमधून आले.

मधल्या काळात हे डबे एकमेकांशी बोलायला लागले. मॉडिकॉननेच १९७९ मध्ये मॉडबस नावाची बोली काढली आणि ती खुली ठेवली, म्हणून ती सगळीकडे पसरली, आजही चालते. तिच्यात 'तू कोण?' हा प्रश्नच नाही. वायरीवरून हुकूम आला की पाळायचा. वायर कारखान्याच्या भिंतीच्या आत होती तोवर ठीक होतं. नंतर लोकांनी तिला इंटरनेट जोडलं.

२०१० मध्ये स्टक्सनेट नावाचा व्हायरस सापडला. इराणच्या नतान्झ इथल्या अणुकेंद्रात तो सीमेन्सच्या पीएलसीत शिरला होता. सेंट्रिफ्यूजची गती बिघडवायचा आणि ऑपरेटरच्या पडद्यावर मात सगळं ठीक असल्याचे आकडे दाखवत राहायचा. कुणी केलं याची अधिकृत कबुली कुणी दिली नाही. बोट अमेरिका-इस्रायलकडे दाखवलं जातं. ते मोठ्या देशांचं भांडण म्हणून सोडून देऊ. माझ्या कामाची गोष्ट दुसरी आहे.

पेनसिल्व्हेनियात पिट्सबर्गजवळ ॲलिक्विपा नावाचं छोटं गाव आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या पाणीपुरवठ्याच्या एका बूस्टर पंपाच्या ठिकाणचा पीएलसी हॅकरांनी ताब्यात घेतला. डबा युनिट्रॉनिक्स या इस्रायली कंपनीचा, म्हणून निशाण्यावर. पडद्यावर इस्रायलविरोधी मजकूर झळकला. अमेरिकी सरकारने मग देशभर इशारा काढला. हल्ले कसे झाले, तर हे डबे उघडे इंटरनेटवर होते आणि कंपनीतून येतानाचा पासवर्ड कुणी बदललाच नव्हता. तो पासवर्ड होता ११११.

हसू नका. तिथे लोकांना पाणी मात्र मिळत राहिलं. अलार्म वाजला, कर्मचाऱ्यांनी तो डबा बाजूला केला आणि पंप हातानं चालवले. त्यांच्या हँडच्या खटक्याला डब्याला विचारायची गरज नव्हती.

तिथे पासवर्ड जगाला ठाऊक होता, आपल्याकडे तो गावात कुणालाच ठाऊक नाही. नगरपालिकेच्या अभियंत्याला नाही, ऑपरेटरला तर नाहीच. पंप आपले, पाणी आपलं, डब्याचे पैसे आपल्या घरपट्टीतून गेलेले, आणि आतली शिडी ठेकेदाराची. देखभालीचा करार संपला की तो पुन्हा टेंडर भरणार, आणि दुसऱ्या कुणी भरलं तरी आत काय लिहिलंय ते त्याला कळायचा मार्ग नाही. त्याला सगळं नव्यानं लिहावं लागेल, म्हणजे त्याचा दर चढणार. ठेकेदारालाच सगळा दोष देत नाही. आपली निविदाच मी वाचली. पंप किती अश्वशक्तीचा, रंग कुठला, बोर्डवर नगराध्यक्षांचं नाव किती इंचांत, सगळं आहे. प्रोग्रामची प्रत आणि पासवर्ड नगरपालिकेच्या ताब्यात द्यावा, हे एक वाक्य नाही.

आमच्या केंद्रावर ३० वर्षं काढून निवृत्त झालेले एक जुने ऑपरेटर काका आहेत. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी जुन्या पॅनलच्या वायरिंगचं चित्र अजून जपून ठेवलंय, घडीवर फाटलेलं, चिकटपट्टी लावलेलं. म्हणाले, "हे पॅनलच्या दाराच्या आत चिकटवलेलं असायचं. रात्री काही झालं तर बॅटरी धरून वाचायचो. नवीन पॅनल आलं तेव्हा मी त्या पोराला म्हणलं, बाबा चित्र कुठंय? तो म्हणला, काका, आता चित्र लॅपटॉपमध्ये असतं." आणि लॅपटॉप पुण्यात.

१९६८ मधल्या त्या कारखान्याची मागणी आणि काकांची मागणी एकच आहे. काकांना यंत्र नको होतं असं नाही. रात्री दोनदा उठून टाकी बघायला जावं लागत नाही, तुरटी मापात पडते, हे त्यांनीच कौतुकानं सांगितलं.

मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला होता. पीएलसीच्या प्रोग्रामची प्रत कार्यालयात आहे का, पासवर्ड कुणाच्या ताब्यात आहे, पॅनलचं वायरिंगचं चित्र केंद्रावर आहे का, बॅटरी शेवटची कधी बदलली, राखीव डबा आहे का, आणि हँडचा खटका सरळ कॉन्टॅक्टरला जोडायला खर्च किती येईल. ३० दिवसांच्या मुदतीत उत्तर आलं, त्याबद्दल आभार. पहिल्या पाच प्रश्नांना मिळून एकच ओळ आहे: 'सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात उपलब्ध नाही.' सहाव्याला 'ठेकेदारास विचारणा करण्यात येत आहे.'

अपील केलंय. सुनावणी येत्या सोमवारी सकाळी ११ वाजता नगरपालिकेत आहे. काका चित्र घेऊन येतो म्हणालेत. आयटीआयचं इलेक्ट्रिशियन किंवा इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक केलेलं, एमआयडीसीत पीएलसीवर काम करणारं आपल्यापैकी कुणी अर्धा दिवस सुट्टी काढून येऊ शकत असेल तर मला मेसेज करा. मला शिडी जेमतेम दोन ओळी वाचता येते.